दादासाहेब गायकवाडांचा वारसा सातबाऱ्यावर शोधा

प्रश्न असा आहे: कर्मवीर दादासाहेब गायकवाड म्हटलं की काळाराम मंदिर सत्याग्रह आणि जयंतीची मिरवणूक एवढंच समोर येतं. त्यापलीकडे त्यांचा वारसा काय उरला, आणि गावात गायरान, म्हणजे गावची चराईची जमीन, कसून पोट भरणाऱ्याला आज त्याचा काही उपयोग आहे का?

उपयोग आहे. पण तो पुतळ्याजवळ सापडणार नाही, तो तहसीलच्या अभिलेख कक्षात सापडेल. काळारामचा लढा मोठाच होता. २ मार्च १९३० ला नाशिकात तो सुरू झाला तेव्हा जागेवरची सगळी जुळवाजुळव भाऊराव कृष्णाजी गायकवाड यांच्याकडे होती आणि तो वर्षानुवर्षं चालला. तरीही दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावच्या या माणसाने मागे ठेवलेलं, अजून अर्धवट असलेलं आणि म्हणूनच आज हाताशी घेण्यासारखं काम जमिनीचं आहे.

आधी हे समजून घ्या की भूमिहीनांचा सत्याग्रह करायची वेळ का आली. स्वातंत्र्यानंतर जमीन सुधारणांचे कायदे झाले, मग दलित शेतमजूर कोरडा कसा राहिला? कारण कायद्याची दारं कागदावरच्या माणसासाठी उघडली. १९४८ चा कूळ कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन यांनी कुळाला मालक केलं. पण कूळ म्हणजे कोण, तर जमीन खंडाने किंवा वाट्याने कसणारा आणि तशी नोंद असलेला. सालगडी, रोजंदार, बलुत्यावर राबणारा हा कूळ नव्हताच. तो त्याच शेतात पिढ्यानपिढ्या राबला, पण कागदावर कुठेच नव्हता. हाडकी-हाडोळ्याची महार वतनाची जमीन होती, तिचं वतन १९५८ च्या कायद्याने, १ ऑगस्ट १९५९ पासून, रद्द झालं. आकाराच्या (म्हणजे साऱ्याच्या) तिप्पट रक्कम भरली की ती जमीन वतनदाराला परत मिळण्याची तरतूद होती. मात्र भावकीत वाटे पडून पडून एकेकाच्या वाट्याला काही गुंठेच उरलेले, आणि मुदतीची खबर पुष्कळांपर्यंत वेळेत पोचली नाही. कमाल जमीन धारणेचा कायदा १९६१ चा, म्हणजे आणखी पुढचा. मग भूमिहीनाला मागण्यासारखं शिल्लक काय राहिलं? सरकारी पड, वनातली मोकळी जमीन आणि गायरान.

बाबासाहेबांना खेड्यातल्या भूमिहीनांची काळजी शेवटपर्यंत होती, १८ मार्च १९५६ च्या आग्र्याच्या भाषणात त्यांनी ती बोलून दाखवली. मराठवाड्यात बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन या पक्षाने १९५३ लाच सरकारी पडीत जमिनी कसायला घेण्याचं आंदोलन केलं होतं. दादासाहेबांनी ते १९५९ मध्ये मराठवाडा, खानदेश, नाशिक अशा मोठ्या पट्ट्यात नेलं. तेव्हा ते नाशिकचे खासदार होते. पुढे १ ऑक्टोबर १९६४ ला रिपब्लिकन पक्षाने पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींना मागण्यांची सनद दिली. कसेल त्याला पडीत जमीन, शेतमजुराला किमान वेतन, बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातींच्या सवलती, संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचं तैलचित्र, अशा त्या मागण्या होत्या. ६ डिसेंबर १९६४ पासून देशभर सत्याग्रह झाला आणि तीन लाखांहून जास्त लोक तुरुंगात गेल्याची नोंद आहे. शांताबाई दाणी यांच्यासारख्या कार्यकर्त्या त्यात होत्या, आणि लेकरं कडेवर घेऊन तुरुंगात गेलेल्या खेड्यातल्या बायकाही. या सनदेतली बौद्धांच्या सवलतींची मागणी केंद्राने १९९० मध्ये मान्य केली, म्हणजे दादासाहेब २९ डिसेंबर १९७१ ला गेले त्यानंतर जवळपास दोन दशकांनी. जमिनीची मागणी मात्र कधी एका झटक्यात पुरी झाली नाही. ती तुकड्यातुकड्याने, शासन निर्णयांच्या रूपाने आली. तुमच्या कामाचा भाग इथून सुरू होतो.

शेतीसाठीच्या अतिक्रमणांच्या बाबतीत दोन तारखा पाठ हव्यात. २७ डिसेंबर १९७८ च्या शासन निर्णयाने ३१ मार्च १९७८ पर्यंतची अतिक्रमणं विचारात घेतली. २८ नोव्हेंबर १९९१ च्या निर्णयाने मागासवर्गीय भूमिहीनांच्या बाबतीत ही रेषा १४ एप्रिल १९९० पर्यंत पुढे आणली. तारीख बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षाची आहे. बहुतेक जिवंत प्रकरणं आज या दुसऱ्या निर्णयावर उभी आहेत. म्हणून गायरानाच्या दाव्यात ‘आम्ही चाळीस वर्षं कसतो’ या वाक्याला फारसं वजन नसतं. १४ एप्रिल १९९० ला ताबा तुमच्या घराकडे होता हे दाखवणारा एक सरकारी कागद त्याच्या शंभरपट मोलाचा असतो.

तो कागद कुठला? पहिला म्हणजे गाव नमुना एक-ई, अतिक्रमणांची नोंदवही. तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) नक्कल मागताना फक्त चालू वर्षाची मागू नका. १९७८ ते १९९१ पर्यंतच्या प्रत्येक वर्षाची मागा, कारण एखाद्या वर्षी नाव गळलेलं असतं आणि पुढच्या वर्षी परत आलेलं असतं. दुसरा म्हणजे दंडाची पावती. अतिक्रमणाबद्दल भरलेला दंड हा शिक्षेचा कागद वाटतो, म्हणून पुष्कळ घरांनी तो जपला नाही. पण सरकारनेच तुमचा ताबा त्या तारखेला मान्य केल्याचा तो पुरावा आहे. तिसरा, सात-बारातल्या नमुना बाराचे त्या काळातले पीकपाहणीचे शेरे. मराठवाड्यात त्याहून जुना खासरा पाहणीचा उतारा (१९५४-५५) जोडला तर जमीन मुळात कशी नोंदली होती ते कळतं. चौथा पुरावा लोकांच्या सहसा ध्यानात येत नाही: अतिक्रमण केलं म्हणून झालेले फौजदारी खटले, अटकेचे आणि तुरुंगातले दाखले, जप्तीचे पंचनामे. सत्याग्रहात आजोबा तुरुंगात गेले असतील तर त्या खटल्याच्या कागदात गाव आणि कधीकधी सर्वे नंबरही असतो. जेलभरोमागचं राजकारण बाजूला ठेवलं तरी त्या अटकांनी एक सरकारी दस्तऐवज तयार केला.

शेजाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं आणि सरपंचाचा दाखला सगळे जोडतात. जोडा, पण केवळ त्यांच्या भरवशावर राहू नका. आज तयार केलेल्या कागदाने १९९० चा ताबा सिद्ध होत नाही.

आता जिथे प्रकरणं फसतात त्या जागा. सगळ्यांत मोठी म्हणजे नंबरांचा गोंधळ. जमिनीचे तुकडे जोडण्याच्या एकत्रीकरण योजनेत सर्वे नंबरांचे गट नंबर झाले. जुनी पावती सर्वे नंबरची असते, आजचा सातबारा गट नंबरचा, आणि टेबलावरचा माणूस ‘ही जमीन ती नव्हे’ असा शेरा मारून फाईल परत करतो. भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरणाचा ९(३), ९(४) चा उतारा काढला की जुना आणि नवा नंबर एका ओळीत मिळतो. तो अर्जाच्या पहिल्या पानालाच लावा. दुसरी जागा नावाची: नोंदवहीत वडिलांचं नुसतं नाव आणि जात लिहिलेली असते, आडनाव नसतं. शाळेच्या दाखल्यातलं नाव वेगळं, रेशनकार्डावरचं आणखी वेगळं. वारसाचा दाखला आणि ‘दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असं प्रतिज्ञापत्र सुरुवातीलाच द्या, त्रुटी निघेपर्यंत थांबू नका. तिसरी, क्षेत्राची. नमुना एक-ई मधलं क्षेत्र पुष्कळदा अंदाजाने लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात तीन एकर कसत असाल आणि नोंद ऐंशी आरची असेल, तर (एक एकर म्हणजे ४० गुंठे, गुंठा साधारण एक आर, हेक्टरी १०० आर हे गणित आधी नीट मांडा) नोंदीइतकंच मागा. जास्त मागितलं की संपूर्ण दाव्यावर शंका घेतली जाते.

चौथी जागा सर्वांत दुखरी आहे. अडीअडचणीला शंभराच्या बाँडवर कसवणुकीची जमीन दुसऱ्याला ‘विकलेली’ असते. सरकारी जमिनीवरचं अतिक्रमण विकता येत नाही. घेणाऱ्याला हक्क मिळत नाही आणि देणाऱ्याचा ताबा तुटल्याचा पुरावा मात्र तयार होतो. असा कागद असेल तर तो लपवून दावा दाखल करू नका, चौकशीत तो निघतोच. आधी वकिलाला दाखवा.

कायद्याची बाजू थोडक्यात. महसूल संहिता १९६६ चं कलम ५० अतिक्रमण काढण्याबद्दल आहे आणि कलम ५१ ते नियमित करण्याबद्दल. कलम ५१ प्रमाणे जिल्हाधिकारी जमिनीच्या किमतीच्या पाच पटींपर्यंत रक्कम आणि नेहमीच्या साऱ्याच्या पाच पटींपर्यंत आकारणी ठरवून जमीन देऊ शकतात. पुढे संहितेत आलेल्या कलम २२-अ ने गायरान इतर कामांसाठी वळवण्यावर कडक बंधनं घातली, आणि त्याआधी २८ जानेवारी २०११ ला सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या निकालात गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवायला सांगितलं. राज्यानेही १२ जुलै २०११ ला त्याला धरून निर्णय काढला. तेव्हापासून कार्यालयात ‘आता काहीच होत नाही’ हे उत्तर ठरून गेलं आहे. ते पूर्ण खरं नाही. त्याच निकालाने अपवादही लिहून ठेवला आहे: शासनाच्या अधिसूचनेखाली भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना जमीन दिलेली असेल, किंवा त्या जागेवर शाळा, दवाखाना असं सार्वजनिक काम उभं असेल, तर नियमित करण्याचा विचार होऊ शकतो. १९९१ च्या निर्णयाखाली तुमचा अर्ज त्या वेळीच दाखल झाला असेल आणि निकालाविना पडून असेल, तर तुमची जागा नव्या अतिक्रमण करणाऱ्याच्या रांगेत नाही. त्या जुन्या अर्जाची आवक नोंद शोधणं हे म्हणून पहिलं काम. आवक-जावक नोंदवही पाहण्यासाठी माहिती अधिकारात अर्ज करा. उत्तराची मुदत ३० दिवस आहे.

२०२२ च्या अखेरीस उच्च न्यायालयाच्या आदेशावरून गायरानातल्या अतिक्रमणांना सरसकट नोटिसा निघाल्या तेव्हा घाबरून अनेकांनी काहीच उत्तर दिलं नाही. नोटीस आली की गप्प बसणं ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. लेखी उत्तर द्या, १९९० चा पुरावा, भूमिहीन असल्याचा दाखला, जातीचा दाखला आणि जुन्या अर्जाची पोच जोडा, सुनावणी मागा, आणि उत्तराच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख-शिक्क्याची पोच घ्या. तहसीलदाराचा आदेश विरुद्ध गेला तर संहितेच्या कलम २४७ खाली अपील करता येतं, मुदत ६० दिवसांची. दिवस आदेश कळल्यापासून मोजले जातात म्हणून पाकिटावरचा टपालाचा शिक्का फाडून टाकू नका.

दोन गोष्टी मध्येच सांगतो कारण त्यांत गल्लत होते. राहत्या घराचं अतिक्रमण आणि शेतीचं अतिक्रमण यांचे निर्णय, तारखा आणि कार्यपद्धती वेगळ्या आहेत, एकाच अर्जात दोन्ही मागू नका. आणि जमीन अभिलेखात ‘वन’ असेल तर गायरानाचे नियम लागूच होत नाहीत. तिथे २००६ चा वनहक्क कायदा, दावा ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे, ताब्याची अंतिम तारीख १३ डिसेंबर २००५, आणि आदिवासी नसलेल्यांना त्याआधीच्या ७५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा.

ताबा टिकवण्यासाठी आणखी एक हत्यार आहे आणि ते फार कमी वापरलं जातं. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ३(१)(एफ) मध्ये २०१५ च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीच्या नुसत्या मालकीचीच नव्हे, तर ताब्यातली किंवा तिला वाटप झालेली जमीनही बळकावणं हा गुन्हा आहे. कलम ३(१)(जी) मध्ये पीक उद्ध्वस्त करणं आणि उत्पन्न नेणंही येतं. उभ्या पिकात जनावरं सोडणं हा गायरानातला जुना प्रकार आहे. फिर्याद देताना ‘भांडण झालं’ एवढंच लिहिलं जातं आणि कलम लागत नाही. गट नंबर, क्षेत्र, पीक, तारीख आणि ताब्याचा कागद फिर्यादीतच लिहून घ्या.

मराठवाड्यात हा धागा पुढे नेणाऱ्यांत एकनाथ आवाड यांचं नाव घ्यावंच लागेल. त्यांच्या मानवी हक्क अभियानाने आणि जमीन अधिकार आंदोलनाने मांग, पारधी, भटके अशा, पक्षाच्या चौकटीत कधी नीट न मावलेल्या लोकांना गायरानाच्या लढ्यात आणलं. दादासाहेबांचा वारसा एका जातीत मोजणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. आणि त्या वारशाची दुबळी बाजूही मोकळेपणाने मांडायला हवी. १९५९ मध्येच पक्षात दादासाहेब आणि बी. सी. कांबळे अशी फूट पडली, जमिनीसाठी डाव्यांबरोबर जाण्यावरून त्यांच्यावर टीका झाली, आणि १९६७ च्या सुमारास त्यांच्या गटाने काँग्रेसशी समझोता केल्यावर रस्त्यावरचा जमिनीचा लढा मंदावला. माझ्या मते टीकाकारांची एक बाजू चुकीची होती: जमिनीचा प्रश्न हा ‘कम्युनिस्टांचा’ प्रश्न कधीच नव्हता, तो गावकुसाबाहेरच्या माणसाच्या मजुरीचा आणि मानाचा प्रश्न होता. ज्याचं स्वतःचं चार एकर आहे त्याला बहिष्कार घालणं अवघड जातं.

चार एकर हा आकडा उगाच लिहिला नाही. राज्य शासनाची कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजना २००४-०५ पासून आहे, आणि तिच्यात अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकातल्या दारिद्र्यरेषेखालच्या भूमिहीन कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन द्यायची असते. सातबाऱ्यावर ती साधारण १ हेक्टर ६२ आर किंवा ८१ आर दिसेल. आधी निम्मं अनुदान आणि निम्मं बिनव्याजी कर्ज असायचं, १४ ऑगस्ट २०१८ च्या निर्णयाने ती शंभर टक्के अनुदानाची झाली. वय १८ ते ६०. विधवा, परित्यक्ता आणि अत्याचारग्रस्त यांना प्राधान्य. खरेदीची कमाल मर्यादा जिरायतीला एकरी ५ लाख आणि बागायतीला ८ लाख. अर्ज समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे.

योजना चांगली आहे, पण ती अडते विकणाऱ्यापाशी. शासन रेडीरेकनरच्या, म्हणजे सरकारने ठरवलेल्या जमीनमूल्याच्या, दरापासून बोलणी सुरू करतं आणि त्या भावात चांगली जमीन बाजारात येत नाही. जी येते ती पुष्कळदा उताराची, मुरमाड, रस्ता नसलेली. म्हणून लाभार्थी यादीत नाव येण्याची वाट पाहत बसू नका, गावातला किंवा शेजारच्या गावातला विकायला तयार असलेला खातेदार स्वतः शोधा आणि त्याचा लेखी प्रस्ताव कार्यालयात पोचवा. त्याआधी त्याचा सातबारा आणि आठ-अ (खात्याचा उतारा) वाचा. इतर हक्कात बोजा, कूळ किंवा बहिणींचे हक्क आहेत का? धारणा भोगवटादार वर्ग २ आहे का? असेल तर परवानगीशिवाय खरेदी होत नाही. सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्या मिळतील का? जमीन आदिवासी खातेदाराची असेल तर तो विषय तिथेच सोडा.

जिरायत घ्यावी की बागायत? पाण्याचा हक्क कागदावर आणि जमिनीवर दोन्हीकडे दिसत असेल तरच दोन एकर बागायत घ्या. विहीर सामाईक असेल तर आठवड्यातले किती दिवस, किती तास पाणी, आणि मोटार-वीजजोडणी कोणाच्या नावावर, हे खरेदीखतातच लिहून घ्या. ‘विहिरीसह’ एवढ्या शब्दावर पुढे भांडणं होतात. वाटेचंही तसंच. नकाशावर रस्ता नसेल तर खरेदीखतात बांधावरची वाट दिशेसह लिहा. नंतर अडवणूक झाली तर मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम ५ खाली सहा महिन्यांच्या आत तहसीलदारांकडे जाता येतं, आणि वाट मुळातच नसेल तर महसूल संहितेच्या कलम १४३ खाली मागता येते.

खरेदी झाल्यावर काम संपलं असं समजू नका. फेरफार नोंद झाली का ते पहा, हरकतीचे १५ दिवस उलटल्यावर मंडळ अधिकाऱ्याने ती प्रमाणित केली का ते पहा. जमीन नवरा-बायको दोघांच्या नावावर लागायला हवी. कित्येक सातबाऱ्यांवर बाईचं नाव राहून जातं, आणि नवरा गेल्यावर भावकी दारात उभी राहते. ही जमीन विकता येत नाही, भाडेपट्ट्याने देता येत नाही, स्वतःच कसावी लागते. शेवटी मोजणीचा अर्ज भरून ‘क’ प्रत (मोजणीचा नकाशा) घ्या आणि हद्दीच्या खुणा दगड रोवून पक्क्या करा, पहिली पेरणी करण्याआधीच.